मिळवता माणूस

यंदाच्या श्रावणांत आमच्या घरीं एका परदेशी गोष्टीचें वाचन झालें, त्याची हकीकत या महिन्याच्या लेखांत सांगावयाची आहे. चातुर्मासांत रात्रीचीं जेवणें उरकलीं म्हणजे ओटीवर पोथी वाचण्याचा परिपाठ आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून चालत आला आहे. पोथी मीं वाचावयाची आणि घरच्या मंडळींनीं ऐकतां ऐकतां डुलक्या घ्यावयाच्या, असा एक अलिखित करारच आहे म्हणा ना. यंदा माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यामुळें वाचनाचें काम धाकट्या बंधूंच्या मुलीकडे आलें. ती येथील महाविद्यालयांत बी. ए. च्या वर्गांत शिकते. पांच-सहा अध्याय झाल्यावर ती एके रात्रीं म्हणाली, “काका, उद्यां माझी पोथी वाचूं का?”

तिची पोथी म्हणजे प्राग शहरचा ग्रंथकार फ्रान्झ काफ्का याची १९१५ सालीं प्रसिद्ध झालेली एक दीर्घ कथा. मूळ जर्मन, मुलीच्या हातांत इंग्रजी भाषांतर, आणि ऐकणाऱ्यांसाठीं ती तोंडींच मराठी करीत जात होती. तीन रात्री वाचन चाललें, आणि डुलकी कोणींहि घेतली नाहीं.

या जातीच्या वाङ्मयाला अस्तित्ववादी असें म्हणतात. काफ्का स्वतः त्या पंथाचा नव्हे. पंथाचें नांव गाजण्यापूर्वींच, १९२४ सालीं, तो क्षयानें वारला. परंतु सार्त्र, काम्यू वगैरे पुढील फ्रेंच मंडळींची चर्चा निघाली कीं काफ्काचें नांव त्यांच्या आधीं घेतलें जातें. या कादंबऱ्यांवर आमच्यासारख्या जुन्या माणसांचा एक ठराविक आक्षेप असतो. यांतला नायक आईबापांना पारखा झालेला, कशांतच मन न रमणारा, आणि आपल्या उदासपणाचे लाड करणारा असतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपल्या मुलांना हें परक्यांचें दुखणें कशाला, असें आम्ही म्हणतों. मीं स्वतः वर्गांत असें म्हटलेलें आहे. घरापासून तुटलेला माणूस म्हणजे घर सोडून गेलेला माणूस, असें मी तेव्हां धरून चाललों होतों. घराच्या आंत, रोज पंक्तीला बसूनहि माणूस परका होऊं शकतो, आणि त्याला परका करण्याचें काम मायेचींच माणसें करतात, हें त्या तीन रात्रींपूर्वीं मला कळत नव्हतें असें नाहीं; पण कबूल करण्याची वेळ आली नव्हती.

गोष्ट अशी. ग्रेगोर साम्सा हा कापडाचे नमुने घेऊन गांवोगांव फिरणारा एका पेढीचा विक्रेता. एके सकाळीं जागा होतो तों आपण एक भला मोठा किडा झालों आहों असें त्याला आढळतें. एवढ्यावर आमच्या भावजयीनें “शिव शिव!” म्हणून पदर सारखा केला. पण पुढें जें येतें तें किड्याहून चमत्कारिक आहे. ग्रेगोरला पहिली चिंता पडते ती देहाची नव्हे, नोकरीची. चार वाजतां व्हावयाचा गजर ऐकूं कसा आला नाहीं? पांचची गाडी तर गेली. घड्याळांत साडेसहा वाजले आहेत, पाठीचें कवच झालें आहे, असंख्य बारीक पाय हवेंत वळवळत आहेत, आणि हा गृहस्थ सातची गाडी गांठतां येईल किंवा कसें याचा हिशेब करीत आहे! सौभाग्यवती पानाला चुना लावीत होत्या, त्या थांबून म्हणाल्या, “अहो, हा आज सकाळीं किडा झाला असें कोण म्हणतो? कामाच्या वेळेखेरीज ज्याला दुसरें कांहीं सुचत नाहीं, तो आधींच झालेला होता. आज दिसला इतकेंच.” टीकाकारांनीं ज्यासाठीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले तें हिनें एक पान लावतां लावतां सांगितलें, हें पुतणीनें आपल्या वहींत टिपून घेतलें.

पांच वर्षांपूर्वीं ग्रेगोरच्या बापाचा धंदा बुडालेला आहे. पेढीच्या मालकाचें कर्ज डोक्यावर आहे, आणि तें फेडण्यासाठीं मुलगा त्याच मालकाच्या चाकरींत जुंपलेला आहे. आरंभीं त्यानें कमाईचे पैसे मेजावर ठेवले तेव्हां घरांत कोण आनंद झाला होता! पुढें सवय झाली. तो देत राहिला, तीं घेत राहिलीं, आणि त्या देण्याघेण्यांतली ऊब केव्हां निघून गेली तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. बहीण सारंगी वाजवते (मूळांत व्हायोलिन आहे, सारंगी हें पुतणीचें भाषांतर). तिला संगीताच्या विद्यालयांत पाठवावयाचें, असा बेत त्यानें कोणास न सांगतां मनाशीं करून ठेवला आहे. असा हा मुलगा खोलींत किडा होऊन पडल्यावर बाप घरच्या मंडळींस जमाखर्च समजावून सांगतो. दाराआडून ग्रेगोर ऐकतो, आणि त्याला कळतें कीं बुडालेल्या धंद्यांतूनहि कांहीं रक्कम शिल्लक राहिली होती. शिवाय तो स्वतः दरमहा देई त्यांतलेंहि कांहीं बाजूला पडत गेलें आहे. तो पैसा मालकाला दिला असता तर कर्ज लवकर फिटून तो त्या चाकरींतून केव्हांच मोकळा झाला असता. आणि ग्रेगोर रागावत नाहीं. उलट बापाची दूरदृष्टि पाहून त्याला समाधान वाटतें.

येथें पुतणी थांबली आणि म्हणाली, “काका, हा रागावत कां नाहीं?” सौभाग्यवतींनीं माझ्याकडे पाहिलें. बंधु उठून पाणी पिण्यास आंत गेले. मुलीला या शांततेचा अर्थ लागला नाहीं, आणि लागण्याचें कारणहि नव्हतें. तिचा जन्म पुष्कळ नंतरचा.

आमचे मधले काका मॅट्रिक होऊन आगबोटीनें मुंबईस गेले, ते आजोबांनीं घरावर करून ठेवलेलें कर्ज फेडावयास. एका पेढीवर कारकून म्हणून लागले. खाणावळींत जेवत आणि चौघां-पांचजणांच्या बिऱ्हाडांत एका वळकटीपुरत्या जागेंत निजत. दरमहा चाळीस रुपयांची मनिऑर्डर येई, पुढें साठांची, पुढें दीडशांची. यांत अपूर्व असें कांहीं नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील घर आणि मनिऑर्डर यांचें नातें वाचकांस मीं सांगावयास नको. २०११ च्या शिरगणतींतहि या जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया भरल्या. बाकीचे पुरुष कोठें आहेत हें कोणत्याहि घराच्या ओटीवर विचारावें. आमचीं घरें शेतीवर उभीं आहेत असें आम्ही म्हणत आलों. तीं उभीं होतीं पोस्टमनच्या पिशवीवर.

काका गणपतींत येत. माहीमचा हलवा आणीत. आले कीं पहिला पाट त्यांचा, गरम पोळी त्यांना, आणि आजी शेजाऱ्यांस ऐकूं जाईल अशा स्वरांत त्यांची विचारपूस करी. आम्हां मुलांस ते थोडेसे देवासारखे वाटत, म्हणजे वर्षांतून एकदां यावयाचे आणि दीड-पांच दिवसांनीं जावयाचे. कर्ज फिटेपर्यंत त्यांचें लग्न लांबणीवर टाकलेलें होतें. मग आत्याचें लग्न आलें. मग धाकट्या काकांचें शिक्षण. मग माझें. मग वय निघून गेलें, आणि घरांत कोणी तो विषय काढीनासें झालें. मी मॅट्रिक झालों तो त्यांच्या पैशावर, आणि संस्कृत शिकलों तोहि त्यांच्याच.

कर्ज फिटल्याचें त्यांना दोन वर्षें कळविलें नव्हतें. त्या दोन वर्षांच्या आणि त्यापुढच्या मनिऑर्डरींतून वडिलांनीं काटकसर करून एक कलमांची बाग घेतली, आणि कागद अर्थात् वडिलांच्या नांवानें झाला. माझे वडील दुष्ट नव्हते. दारीं आलेला अतिथि त्यांनीं कधीं उपाशी पाठविला नाहीं. त्यांना विचारलें असतें तर त्यांनीं प्रामाणिकपणें सांगितलें असतें कीं हें सारें एकाच घराचें, त्याच्या नांवावर काय आणि माझ्या नांवावर काय!

१९८२ च्या सुमारास काकांच्या डाव्या अंगावरून वारें गेलें आणि ते कायमचे घरीं आले. पहिले दोन महिने त्यांचें अंथरूण माजघरांत होतें. मग आल्यागेल्याची अडचण होते म्हणून ओटीच्या कडेला आणलें. मग मागच्या पडवींत. त्या पडवींत नारळ असत, पेट्यांच्या फळ्या असत, आंब्यासाठीं सांठवलेलें गवत असे. साम्सांच्या घरांतहि पोटभाडेकरू ठेवल्यावर अडगळीचें सामान एक एक करून ग्रेगोरच्या खोलींत टाकतात, असें पुतणीनें तिसऱ्या रात्रीं वाचलें. त्या वाक्यापाशीं मला पडवीचा वास आला. बागेची गोष्ट काकांना तेथेंच एका गड्याच्या बोलण्यांतून कळली. मी जवळ होतों. बोलणें त्यांस जड जाई. ते एवढेंच म्हणाले, “हापूस ना?” मीं मान डोलावली. त्यांनींहि डोलावली.

चैत्रांत ते वारले. तेराव्याचें गोडाचें जेवण झाल्यावर वडील म्हणाले, “पडवी मोकळी झाली. आतां तेथें अढी घालतां येईल.” गवत मीं पसरलें. त्या वर्षीं आंबा चांगला आला होता, आणि मनांत एक हलकेपणा होता. तो आंब्याचा नव्हता.

काफ्काची कथा अशीच संपते. बापानें फेंकून मारलेलें एक सफरचंद ग्रेगोरच्या पाठींत रुतून बसलेलें आहे. ज्या बहिणीनें आरंभीं त्याच्यासमोर निवडून निवडून अन्न मांडलें, तीच शेवटीं “याला घालवून द्यावें” म्हणते. तो मरतो, मोलकरीण केर काढावा तसा त्याचा निकाल लावते, आणि आईबाप व मुलगी आपापल्या कामावरून रजेच्या चिठ्ठ्या लिहून ट्रामनें गांवाबाहेर हवा खाण्यास जातात. आपापल्या कामावरून, हें लक्षांत घ्यावें; कारण मुलगा निकामी होतांच अपंग समजलेला बाप पेढीवर शिपाई झाला, आई शिवणकाम करूं लागली, मुलगी दुकानांत लागली. म्हणजे हीं तिघें पांच वर्षें बसून खात होतीं तीं निरुपायानें नव्हे. ट्राममध्यें आईबापांच्या ध्यानांत येतें कीं मुलगी आतां उपवर झाली, भरली, हिच्यासाठीं चांगलें स्थळ पाहिलें पाहिजे. पुस्तक मिटल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “आतां पाळी तिची.”

हें सर्व काफ्कानें कल्पनेनें रचलें असें मी समजत होतों. मागाहून त्याचें चरित्र वाचलें. तो कामगारांच्या अपघाती विम्याच्या कचेरींत नोकर होता. सकाळीं नोकरी आणि रात्रीं लेखन. मेहुण्याचा एक कारखाना होता, त्याकडे यानें दुपारीं लक्ष द्यावें असा १९१२ च्या शरदृतूंत घरच्यांचा धोशा सुरू झाला. बाप तर बोलेच. पण सर्वांत लाडकी धाकटी बहीण ओट्टला, जी एरवीं याची बाजू घेई, तीहि त्या दिवशीं घरच्यांकडून बोलली. त्यानें मॅक्स ब्रॉड या मित्रास निराशेचें पत्र लिहिलें. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत ही कथा लिहून झाली. बापाला त्यानें पुढें १९१९ सालीं एक फार लांब पत्र लिहिलें; तें बापाच्या हातीं कधीं पडलें नाहीं.

आतां आपल्याकडे पाहूं. वाल्या कोळ्याची कथा आपणां सर्वांस पाळण्यापासून ठाऊक आहे. वाल्मीकींच्या मूळ रामायणांत ती नाहीं. अध्यात्मरामायणांत अयोध्याकांडांत ती येते, आणि तेथें वाल्मीकि स्वतःच रामचंद्रांस आपली पूर्वकथा सांगतात. घरच्यांसाठीं वाटमारी करणारा हा माणूस ऋषींच्या सांगण्यावरून घरीं जाऊन विचारतो कीं माझ्या पापांत तुम्ही वांटेकरी आहां का? बायकामुलें सांगतात कीं पाप तुझें, आम्ही मिळकतीचे वांटेकरी. आम्ही ही कथा नाममाहात्म्य म्हणून शिकवितों. पण नामाच्या आधीं तो प्रश्न आहे, आणि त्या उत्तरानंतर वाल्या जो बाहेर पडला तो पुन्हां घरांत गेला नाहीं. त्याच्या अंगावर वारूळ चढलें. आचार्यांच्या नांवावर चालणाऱ्या चर्पटपंजरिका स्तोत्रांतहि हेंच आहे: जोंवर मिळवतोस तोंवर परिवाराचा लोभ, देह थकला म्हणजे घरांत कोणी वार्ता विचारीत नाहीं. लहानपणीं तें स्तोत्र आम्ही काकांच्याच अंथरुणापलीकडे बसून घोकीत होतों. अर्थ शिकविणाऱ्याला कळत होता, घोकणाऱ्याला कळत होता, आणि ऐकणाऱ्यालाहि कळत असलाच पाहिजे. तेव्हां हें दुखणें युरोपांतून आलें असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. फरक एवढाच कीं आमच्या शास्त्रकारांनीं यावर वैराग्य सांगितलें, आणि या नव्या ग्रंथकारांना तो रस्ता मोकळा दिसत नाहीं. ते माणसाला त्याच खोलींत ठेवून पुढें काय होतें तें पाहतात.

माझें हें प्रवचन चालूं असतां भावजय मधेंच म्हणाली, आणि तिचें बोलणें मला तेथल्या तेथें टोंचलें: “भावोजी, काकांना पडवींत ठेवलें हें खरें. पण चार वर्षें त्यांचें अंथरूण कोणीं धुतलें? सासूबाईंनीं. त्यांना कोणीं विचारलें होतें? काकांची निदान मनिऑर्डर दिसत होती.”

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. माझ्या आईचा उल्लेख मीं या लेखांत आतांपर्यंत केलेला नाहीं, हें वाचकांच्याहि लक्षांत आलें नसेल. साम्साच्या घरांतली बहीण वाईट ठरते. पण भांडें आंत नेऊन ठेवणारी, खोली झाडणारी तीच असते, बाप नव्हे. ज्याच्या अंगावर सेवा पडते त्याच्याच तोंडून शेवटीं कठोर शब्द निघतो, आणि मग दोष त्याच्या नांवावर जमा होतो.

श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ ही कादंबरी मला त्या रात्रीं आठवली. पेंडसे आपल्याच जिल्ह्याचे, दापोलीजवळच्या मुर्डीचे. १९१३ चा जन्म. मुंबईस बेस्टमध्यें नोकरी करीत त्यांनीं कोंकणावर लिहिलें, म्हणजे तेहि एका अर्थीं चाकरमानीच. ‘रथचक्र’ १९६२ सालीं निघाली आणि दुसऱ्या वर्षीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तींतल्या नायिकेला नांव नाहीं; ती आहे केवळ ‘ती’. नवरा वैराग्याच्या नांवाखालीं निघून गेलेला, पदरीं मुलें, आणि दीरजावांच्या एकत्र घरांत ती राबते आहे. मुलांना शिकवावें म्हणून ती त्या घराबाहेर पडते. या कादंबरीला कोणी अस्तित्ववादी म्हणणार नाहीं, मीहि म्हणत नाहीं. पण ज्याला घरांत नांवच उरलें नाहीं असें माणूस काफ्काच्या कथेइतकेंच येथेंहि आहे, आणि तें दापोलीच्या मातींत आहे. अनेक वर्षें मी ही कादंबरी मुलांना ‘कष्टाळू मातेचें चित्र’ म्हणून सांगत आलों. बिचाऱ्या पेंडशांनीं तिला नांव कां दिलें नाहीं असें एकाहि विद्यार्थ्यानें विचारलें नाहीं, कारण मीं त्यांना तसें विचारावयास शिकविलें नव्हतें.

दुसऱ्याच वर्षीं, १९६३ सालीं, भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली. मराठींतील अस्तित्ववादी कादंबरी म्हणून बोट दाखवावयाचें तें हिच्याकडे. येथें गणित उलटें आहे. खानदेशांतल्या सांगवीचा पांडुरंग पुण्यास शिकावयास जातो. पैसा घरून त्याच्याकडे येतो, तो उडवतो, बापाला खोटे हिशेब लिहितो, नापास होऊन परत येतो. बापलेकांमधला व्यवहार म्हणाल तर बराचसा पैशाचाच. घरांत लहान बहीण मनी देवीनें जाते, तेव्हां मात्र हा एरवीं सगळ्याची टर उडवणारा मुलगा उन्मळून पडतो. कारण त्या पोरीशीं त्याचा कसलाच हिशेब नव्हता. पुस्तक निघालें तेव्हां आमच्या पिढीच्या गुरुजनांनीं नाकें मुरडलीं, तशीं मींहि पुढें मुरडलीं. कोसला म्हणजे किड्यानें आपल्याभोंवतीं विणलेलें घर. साम्साचा किडा, पांडुरंगाचा कोसला आणि वाल्मीकींचें वारूळ, ही जुळणी पुतणीला फारच आवडली. मी तीवर अधिक मजले चढवीत नाहीं.

तिनें मला काम्यूच्या एका नाटकाचीहि हकीकत सांगितली, ती कोंकणी वाचकांनीं अवश्य ऐकावी. नाटक १९४४ सालचें. मुलगा पुष्कळ वर्षांपूर्वीं परदेशीं गेलेला, तेथें पैसा मिळवून परत आलेला आहे. आई आणि बहीण एक खानावळ चालवतात, आणि पैसेवाला एकटा उतारू आला म्हणजे त्याला गुंगीचें औषध पाजून नदींत सोडतात. मुलाला वाटतें, नांव न सांगतां जावें, आईनें आपण होऊन ओळखावें. आई ओळखत नाहीं. सकाळीं त्याचा परवाना पाहिल्यावर ओळख पटते. भावजय म्हणाली, “नांव सांगितलें असतें तर?” त्यावर बंधु, जे तीन रात्री कांहींच बोलले नव्हते, हलकेच म्हणाले, “काकांचें नांव ठाऊक होतें कीं आपल्याला.”

चौथ्या दिवशीं सकाळीं मी माळ्यावर चढलों. आजी मनिऑर्डरीचीं कुपनें एका तारेला टोंचून ठेवीत असे, ती तार मला मुलांच्या जुन्या पाट्यांखालीं सांपडली. मनिऑर्डरीची पद्धत या देशांत १८८० सालीं सुरू झाली आणि २०१५ सालीं ती जुन्या रूपांत बंद झाली, म्हणून लहान वाचकांसाठीं सांगतों: फॉर्मच्या तळाशीं एक तुकडा असे, त्यावर पाठवणाऱ्यानें दोन-चार ओळी लिहावयाच्या, पोस्टमन पैसे मोजून देई आणि तो तुकडा फाडून घेणाऱ्याच्या हातीं ठेवी. पैसे मोजण्याची घाई असल्यामुळें आमच्या घरीं कुपन वाचण्याचा परिपाठ नव्हता. रक्कम पोस्टमनच मोठ्यानें सांगे.

मीं तीं वाचलीं. बरींचशीं वाळवीनें खाल्लेलीं. उरलेल्यांवर अक्षर कारकुनी, सुबक. आरंभींच्या कुपनांवर आईस साष्टांग नमस्कार, प्रकृति ठीक आहे, एवढेंच. पुढें पुढें एक वाक्य पुन्हां पुन्हां येतें, थोड्याफार फरकानें: पत्र पाठवावें. कर्जाचें कुठवर आलें तें कळवावें. मुलांच्या हातचें चार ओळींचें पत्र आलें तर बरें वाटेल. एका कुपनावर माझें नांव आहे. मी कितवींत गेलों असें विचारलें आहे. आम्ही पत्रें पाठवीत नव्हतों असें नाहीं. पैसे हवे असले म्हणजे वडील पाठवीत.

वाल्याला उत्तर मिळालें, कडू का असेना. ग्रेगोरनें प्रश्नच विचारला नाहीं. काका तीस वर्षें विचारीत होते, आणि तें तारेला टोंचलेलें होतें.

माझा पुतण्या, म्हणजे या मुलीचा थोरला भाऊ, पुण्यास एका कंपनींत आहे. घराचें छप्पर त्याच्याच पैशानें नवें झालें. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस बंधूंच्या फोनवर पैसे जमा झाल्याची सूचना येते; तींत रक्कम असते, तारीख असते. मीं त्याला पत्र लिहावयास घेतलें. साधा कागद, टपालाचें पाकीट. लिहितांना असें ध्यानांत आलें कीं पैशाचा किंवा प्रकृतीचा विषय टाळला तर या मुलाला काय लिहावें हें मला ठाऊक नाहीं. त्याला काय आवडतें, तो संध्याकाळीं काय करतो, तेथें त्याचें कोण मित्र आहे, यांतलें कांहींच. शेवटीं लिहिलें कीं विहिरीला यंदा लवकर पाणी चढलें, तुझ्या खोलीसमोरच्या सोनचाफ्याला पुन्हां कळे आले, आणि तूं लहानपणीं माळ्यावर लपून बसत होतास ती जागा परवां पाहिली.

आठवड्यानें रात्रीं त्याचा फोन आला, तो थेट मलाच. आवाज घाबरा होता. “काका, पत्र मिळालें. सगळे बरे आहेत ना? तुमच्या डोळ्याचें कांहीं नाहीं ना? मोकळेपणानें सांगा, किती पाठवूं?”